लेटीचा कोट

मार्टेन क्रीक, मोंटाना
२१ ऑगस्ट १९६१

मिसेस प्रुइट,

आमच्या नातीला, इंगाला, सहाव्या वाढदिवसासाठी पाठवलेलं पार्सल शनिवारी न उघडता परत आलं. त्यावर निळ्या पेन्सिलीने लिहिलं आहे, 'या नावाचं इथे कोणी राहत नाही.' म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे.

अक्षर बाईचं आहे. डोरीनचं नाही, ते मी ओळखते. म्हणजे तुमचं. मी एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे आणि खोटं लिहिणारी मुलं पेन्सिल किती दाबतात ते मला माहीत आहे. 'कोणी' या शब्दापाशी तुमचं टोक मोडलेलं दिसतं.

वस्तुस्थिती अशी आहे. आमचा मुलगा आर्ने अडीच वर्षांपूर्वी नदीवरचा बर्फ फुटून घोड्यासकट बुडाला. त्याच्या बायकोने, डोरीनने, गेल्या वर्षी तुमच्या ड्वेनशी लग्न केलं आणि ती इंगाला घेऊन दीडशे मैल दक्षिणेला, राज्याची हद्द ओलांडून, तुमच्या रँचवर राहायला आली. तेव्हापासून इंगाला आम्ही पाहिलेलं नाही. पण ती तुमच्याकडे राहते, हे तुम्ही आणि मी दोघीही जाणतो. पार्सलात तिचे बूट होते, लहान मुलांच्या मापातले दहा नंबरचे. आमच्याच मेंढीची लोकर आत लावलेले.

फोन करत नाही, कारण आमच्या एकाच तारेवर नऊ घरं आहेत आणि त्यातली सात कान लावून बसलेली असतात.

माझी नात कुठे आहे आणि कशी आहे, एवढंच कळवा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी वकिलाला भेटेन.

ऑगस्टा हॅलवर्सन


ड्राय फोर्क, वायोमिंग
२ सप्टेंबर

मिसेस हॅलवर्सन,

पत्र पोचलं. आमची टपालपेटी फाटकापाशी आहे आणि ती ड्वेन उघडतो. तुमचं पत्र त्यानेच जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. वकिलाची ओळ आली तेव्हा त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, "मेंढरवाल्यांच्या कागदालासुद्धा वास येतो." त्याचे धाकटे भाऊ हसले. मग मला म्हणाला, "आई, उत्तर लिही आणि लिहून झालं की दाखव." म्हणून लिहितेय.

पोर बरी आहे. तिला आम्ही लेटी म्हणतो. ड्वेनच्या पहिल्या बायकोची पोर लेटी, ती गेली. तिची खोली होती, कपडे होते, हाक मारायची घराला सवय होती. तेव्हा पार्सलावर लिहिलं ते काही खोटं नाही.

सुरुवातीला ती हाकेला वळायची नाही. ड्वेनची शिंगरांची एक रीत आहे. नवं शिंगरू आणलं की आवारातल्या खांबाला बांधायचं आणि कोणी जवळ जायचं नाही. ओढून ओढून थकतं, मग आपणच गप्प उभं राहतं. पोरीला बांधत नाही, नुसती उभी करतो. आता ती पहिल्या हाकेला वळते.

दहा नंबरचे बूट तिला झालेच नसते. आता अकरा लागतात.

शाळेच्या पहिल्या दिवशी काढलेला फोटो पाठवते. ड्वेनची हरकत नाही. सहा नोव्हेंबरला जज्जसाहेब दत्तकाच्या कागदावर सही करतील. मग नाव पक्कं होईल आणि तुमच्या पार्सलांचा घोळ उरणार नाही.

वकील आणू नका.

अर्डिस प्रुइट


मार्टेन क्रीक
११ सप्टेंबर

मिसेस प्रुइट,

वकिलाला भेटून आले. तो म्हणाला, आई जिवंत आहे, तिची संमती आहे. आजी-आजोबांना कोर्टात बसायला खुर्ची मिळेल, बोलायला मिळणार नाही. हे तुम्हाला आधीच माहीत असेल. नसेल तर आता ड्वेनला मोठ्याने वाचू द्या.

फोटो भिंगाखाली पाहिला. कडक ऊन आहे, मागे उभ्या असलेल्या मुलांच्या बाह्या दुमडलेल्या आहेत, आणि इंगाच्या अंगात जाड लोकरी कोट आहे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, बोटांच्या टोकांपर्यंत बाह्या आलेल्या. तिच्या कपाळावर घाम दिसतो. हा तिचा कोट नाही.

आमच्या गावच्या वाचनालयात तुमच्या भागाचं साप्ताहिक येतं. जुने अंक चाळत गेले, तेव्हा १९५९ च्या फेब्रुवारीत सापडलं. 'लेटी मे प्रुइट, वय सहा, अल्प आजाराने निधन.' एवढंच. त्याच पानावर तुमच्या बैलाला मिळालेल्या बक्षिसाबद्दल अकरा ओळी आहेत. अल्प म्हणजे किती, मिसेस प्रुइट?

तुम्ही काय चालवलं आहे ते मला नीट कळतं. मी ते दर वसंतात करते आणि तुमच्याकडे वासरांना करतात. कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलायचं आणि ते अंगरख्यासारखं पोरक्या कोकराला चढवायचं. मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. तीन दिवसांनी कातडं उतरवलं तरी चालतं. पण त्यासाठी कोकरू खरोखर पोरकं असावं लागतं. पलीकडच्या वाड्यात त्याचं माणूस हंबरत असेल तर ते चोरीचं कोकरू असतं. आमच्याकडे चोरीला दुसरा शब्द नाही.

माझे यजमान एमिल येत्या शनिवारी तुमच्याकडे येत आहेत. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "बोलून बघतो. माणसंच आहेत ती." मी म्हटलं, "आयुष्यभर मेंढ्यांशी बोललास, माणसांशी कधी बोललास?" ते म्हणाले, "मेंढ्या ऐकून तरी घेतात." असा माणूस आहे. त्यांना पाणी विचारा आणि नात दाखवा.

ऑगस्टा हॅलवर्सन


ड्राय फोर्क
१९ सप्टेंबर

मिसेस हॅलवर्सन,

तुमचे यजमान आले होते. ड्वेनने लिहायला सांगितलंय ते असं: वाऱ्याने फाटक मिटलं आणि त्यांचा हात मध्ये सापडला. हे लिहून झालं.

पोर अंगणात होती. "आजोबा" म्हणत फाटकाकडे धावली. तो माणूस आता आपला कोणी नाही, हे तिला समजवायला ड्वेनला संध्याकाळ झाली. आवारात, खांबापाशी. म्हणून सांगते, पुन्हा असं येऊ नका.

आमच्याकडे कामाची गर्दी आहे. मंगळवारी, सतरा ऑक्टोबरला, आमची गुरं रेल्वेच्या कोंडवाड्यात न्यायची आहेत. दोनशे चाळीस आहेत. गुरांवरचे मालकीचे डाग तपासणारा सरकारी माणूस मिस्टर टीग दिवसभर तिथे असेल, त्याच्या सहीशिवाय एक शेपूट गाडीत चढत नाही. ड्वेन आणि भाऊ सगळे कुंपणाच्या फळ्यांवर असतात, सकाळी दहानंतर कोणाला मान वर करायला सवड नसते. मी वजनकाट्याच्या खोलीत वही घेऊन बसते. पोरीलाही नेणार आहे. मागचं दार रस्त्याकडे आहे, वारा फार येतो. असं आमचं चाललंय.

अर्डिस प्रुइट


मार्टेन क्रीक
२६ सप्टेंबर

मिसेस प्रुइट,

एमिलच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत आणि दोन बरगड्या. बरगड्यांवर टाचेची खूण आहे. फाटकाला बूट नसतात.

ते ट्रक एका हाताने चालवत आले. अंगणात उतरले आणि मला म्हणाले, "गस, ती उंच झाली आहे." मी डॉक्टरला आणलं तेव्हा कळलं की दीडशे मैल ते तसेच आले.

एक लहान मुलगी आजोबा दिसले म्हणून धावते, त्यासाठी तिला खांबापाशी उभी करतात, आणि तुम्ही मला तुमची गुरं किती आहेत ते सांगता. तुमचा वजनकाटा, तुमचा वारा, तुमचं दार. मला त्याचं काय करायचं आहे?

माझ्याही हातून घडलं आहे, ते लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला ते शोधत बसायला नको. आर्नेच्या दफनानंतर मी डोरीनला म्हटलं, "खमीर संपलं म्हणून नदीपलीकडे तूच त्याला पाठवलंस." ती तेवीस वर्षांची होती. तिने वर्षभर माझ्या घरात पाव भाजले आणि मग गेली. तिला तुमच्या मुलाच्या दारात मी ढकललं. पण मी ते दिवसाढवळ्या, तोंडावर बोलले. तुम्ही गप्प राहता. लेटीच्या वेळीही तुम्ही गप्प राहिला असाल, असं मला वाटू लागलं आहे.

सहा नोव्हेंबरला मी कोर्टात येईन आणि खुर्चीवर उभी राहून बोलेन.

ऑगस्टा हॅलवर्सन


ड्राय फोर्क
४ ऑक्टोबर

मिसेस हॅलवर्सन,

हे पत्र ड्वेनने पाहिलेलं नाही. शाळेच्या बाई मिस क्विगली टपालात टाकतील. उत्तरही त्यांच्याच नावावर पाठवा. तुमचं आधीचं पत्र मी सकाळी फाटकापाशी जाऊन त्याच्या आधी काढलं आणि चुलीत घातलं. दीड वर्षात पेटीला पहिल्यांदा हात लावला.

तुम्ही कॉलेजात शिकलात म्हणे. मग एवढं कळू नये? सतरा तारीख, दहा वाजता, मागचं दार, सगळे पुरुष फळ्यांवर, सरकारी माणूस हजर. याहून सरळ लिहिलं असतं तर त्याला कळलं असतं. तुम्ही खुर्चीवर उभ्या राहाल तेव्हा जज्जसाहेब घड्याळ बघतील. ते ड्वेनबरोबर शिकारीला जातात.

आता लेटीचं. विचारलंत म्हणून सांगते. तुमच्याआधी कोणी विचारलं नाही.

फेब्रुवारी होता. तिच्या हातून दुधाचा कॅन सांडला. ड्वेनने तिला खांबापाशी उभं केलं, कोणी सोडायचं नाही म्हणाला आणि गावात गेला. तिथे त्याला मित्र भेटले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. कणीक मळत होते. ती कणीक मी तीनदा मळली. ती सांगितल्यासारखी उभी राहिली, हललीसुद्धा नाही, इतकी शहाणी केली होती आम्ही तिला. तिचा कोट माझ्या हाताजवळ खुंटीवर होता. म्हणून तर तो अजून नवाकोरा आहे. पाचव्या दिवशी ती गेली. डॉक्टरने फुप्फुसं लिहिली.

तुम्ही म्हणालात कातडं. तुम्हाला तसं दिसलं असेल. ड्वेनलाही तसंच दिसतं, तो या पोरीकडे बघून "लेटी" म्हणतो आणि मग त्याला वाटतं काही झालंच नाही. पण मी तो कोट तिला सप्टेंबरात का घालते, जेवतानासुद्धा का काढू देत नाही, ते ऐका. ड्वेन कधी तिला उभी करेल ते सांगता येत नाही. करेल तेव्हा निदान कोट अंगात असेल.

डोरीनने कागदावर सही केली आहे. इंगाने तुमच्याकडे राहावं आणि दत्तकाची संमती मागे घेते, असं दोन्ही त्यात आहे. मिस क्विगलींनी लिहून दिला. साक्षीची सही मिस्टर टीग करतील, मी बोलले आहे. डोरीनला सातवा महिना आहे, ती येणार नाही. तिचा निरोप आहे: "पाव भाजताना इंगाला चुलीजवळ उभं राहायला आवडतं, तेवढं राहू द्या."

बूट आणा. अकरा नंबर. कोट आणा. लेटीचा कोट मला परत हवा. दुसरं काही नको.

अर्डिस


मार्टेन क्रीक
९ ऑक्टोबर

अर्डिस,

येतो.

कातड्याबद्दल मी लिहिलं ते चुकीचं होतं. इतकी वर्षं मुलांचे पेपर तपासले आणि तुझं पत्र वाचता आलं नाही. हे मान्य करून पुढे जाते, कारण वेळ नाही.

एमिल म्हणाला, "बंदूक ट्रकमध्ये ठेवतो." मी म्हटलं, "तुझी तीन बोटं फळीला बांधलेली आहेत. चाप कशाने ओढणार?" तो म्हणाला, "ओढायचा कुठे आहे, बंदूक दिसू दे नुसती." मी म्हटलं, "दिसली की दुसरा ओढतो." शेवटी ती कपाटातच राहील असं ठरलं. किल्ली माझ्याकडे आहे. खरं सांगते, ती मी दोनदा कुलपात घालून पाहिली.

ट्रक मागच्या दारापाशी लावणार नाही. धान्याच्या कोठारामागे लावून चालत येऊ.

आमच्याकडे एक खोली आहे. आर्नेची. पलंग चांगला आहे, खिडकी पूर्वेला आहे. तू इंगाबरोबर ट्रकमध्ये बसलीस तर आम्ही जागा करू. नंतर तो तुझं काय करेल याचा मी विचार करते आणि माझा हात कामावर चालत नाही.

ऑगस्टा


सोपवणुकीची नोंद

ड्राय फोर्क रेल्वे कोंडवाडा, वजनकाट्याची खोली. मंगळवार, १७ ऑक्टोबर १९६१. सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. नोंद करणार ऑगस्टा हॅलवर्सन. ही नोंद कोर्टात लागेल म्हणून जागेवरच लिहिली आहे.

हजर: मिसेस अर्डिस प्रुइट, सोपवणार. एमिल आणि ऑगस्टा हॅलवर्सन, मुलीचे आजी-आजोबा, घेणार. मिस्टर टीग, डाग तपासणारे सरकारी अधिकारी, साक्षीदार.

मिसेस डोरीन प्रुइट यांच्या सहीचा कागद मिस्टर टीग यांनी दोनदा वाचला आणि साक्षीची सही केली. शिक्का त्यांच्याकडे गुरांचाच होता. तो मारू का, असं त्यांनी विचारलं. मी मारा म्हटलं.

त्यांनी मुलीला नाव विचारलं. तिने आधी खिडकीकडे पाहिलं, मग मिसेस प्रुइट यांच्याकडे. मिसेस प्रुइट यांनी तिच्या कोटाची बटणं स्वतः काढली, वरून खाली, सहा. कोट उतरल्यावर मिस्टर टीग यांनी पुन्हा विचारलं. मुलगी म्हणाली, "इंगा हॅलवर्सन." मग तिने विचारलं, "आता थंडी वाजली तर?" एमिल यांनी आणलेला कोट तिला घातला. एका हाताने बटणं लावायला त्यांना वेळ लागला. कोणी मदत केली नाही, कारण त्यांनी ती करू दिली नाही.

साडेदहा वाजता ड्वेन प्रुइट यांनी कोंडवाड्याच्या फळीवरून खोलीकडे पाहिलं. त्यांच्या हातात गुरं हाकायची काठी होती. ते एक फळी खाली उतरले. मिस्टर टीग यांनी खिडकी उघडून सांगितलं, "ड्वेन, अजून एकशे साठ बाकी आहेत. माझी सही पाहिजे ना?" खरेदीदार आणि इतर रँचचे लोक बघत होते. ड्वेन प्रुइट तिथेच थांबले. आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही निघालो तेव्हाही पाहत होते. हे नोंदवून ठेवते.

मिसेस प्रुइट यांना आमच्याकडच्या खोलीबद्दल पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "डोरीनला सातवा आहे. या वेळी कोणीतरी खिडकीत नको, दारात पाहिजे." मिस्टर टीग यांनी, दर आठवड्याला त्या बाजूने जाईन, असं माझ्यासमोर कबूल केलं.

सोपवलं ते असं. मुलगी एक, इंगा आर्ने हॅलवर्सन, वय सहा वर्षं दोन महिने. काट्यावर स्वतःहून चढली, वजन एकोणचाळीस पौंड. डाव्या मनगटावर जुना वळ, मिस्टर टीग यांनी पाहिला. शाळेची वही एक, मिस क्विगली यांची चिठ्ठी आत. आईने दिलेला पाव एक, फडक्यात, अजून कोमट. पायातले बूट लहान होते. ते तिथेच ठेवले आणि अकरा नंबरचे घातले, ते बसले.

परत केलं ते: तांबडा लोकरी कोट एक, शिंगाची बटणं सहा, कुठेही विरलेला नाही. मिसेस अर्डिस प्रुइट यांना मिळाला. पोच म्हणून त्यांची सही घ्यायची होती. घेतली नाही. त्यांचे दोन्ही हात कोटाच्या बाह्यांत होते.